जुन्या नायकांना परत मागणाऱ्या वाचकांस खुले पत्र

‘२००० एडी’ आणि इतर ब्रिटिश चित्रकथा-साप्ताहिकांच्या सर्व चाहत्यांस,

सप्रेम नमस्कार.

एखादे जुने पात्र पुन्हा येणार अशी घोषणा झाली की आपल्यात लगेच दोन तट पडतात. ‘अखेर आमचे ऐकले’ असे एक तट म्हणतो, तर ‘नवे काही सुचेनासे झाले म्हणून जुनी थडगी उकरायला घेतली’ असे दुसरा म्हणतो. पहिला भाग छापून हाती येण्यापूर्वीच दोन्ही तटांचा निकाल लागलेला असतो, आणि पुढचे दहा-बारा आठवडे कथा वाचण्याऐवजी आपण आपापल्या निकालासाठी पुरावे गोळा करत बसतो. हे पत्र दोन्ही तटांतल्या मित्रांसाठी आहे, कारण आवडीनिवडी वेगळ्या असल्या तरी दोघेही साप्ताहिकाकडे पात्र मागतात किंवा पात्र नाकारतात. कथा मात्र कुणी मागत नाही. पात्र परत आणण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला आपण तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे: आता सांगण्यासारखे काय उरले आहे, ते कोण सांगणार आहे, आणि त्यासाठी अंकातली कोणाची जागा जाणार आहे?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आपण सर्वांत कमी वेळा विचारतो. साप्ताहिकाचा अंक साधारण बत्तीस पानांचा असतो आणि त्यात बहुतेक वेळा पाच कथांचे भाग असतात. त्यांपैकी एक जागा जज ड्रेड या साप्ताहिकाच्या कायमच्या नायकाची, तिला कोणी हात लावत नाही आणि लावूही नये. उरलेल्या चार जागांवर पाच-सहा पानांचे भाग येतात आणि एक मालिका सहसा दहा-बारा आठवडे चालते. वर्षाकाठी पन्नासच्या आसपास अंक निघतात असे धरले, तरी या चार जागांमधून वर्षभरात सोळा ते वीस मालिकाच वाचकांपर्यंत पोहोचू शकतात. त्यांतल्या अनेक जागा आधीपासून चालू असलेल्या मालिकांच्या पुढच्या पर्वांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि मधूनमधून एका भागात संपणाऱ्या कथांनाही पाने द्यावी लागतात, कारण नवे लेखक आणि चित्रकार तिथेच पहिल्यांदा हात चालवतात. म्हणजे अगदी नव्या कल्पनेसाठी उरणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच असतात. जेव्हा आपण ‘अमक्याला परत आणा’ असे लिहितो तेव्हा या थोड्या जागांपैकी एक आपण मागत असतो. ती मागू नये असे मी म्हणत नाही. ती मागताना आपण काय मागतो आहोत याची जाणीव असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. पुनरागमनालाच ज्यांचा विरोध आहे त्यांनी या साप्ताहिकाचा पहिला अंक आठवावा. फेब्रुवारी १९७७ मध्ये आलेल्या त्या अंकात सर्वांत मोठे नाव होते डॅन डेअरचे, आणि ते नाव तेव्हाच सत्तावीस वर्षांचे होते. फ्रँक हॅम्पसन यांचा हा अंतराळवीर १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’च्या पहिल्या अंकात अवतरला होता. त्या साप्ताहिकाने ब्रिटनमधल्या एका पिढीला वाढवले आणि १९६९ मध्ये ते ‘लायन’मध्ये विलीन झाले. नव्या साप्ताहिकाला लोकांचे लक्ष वेधून घेणारे ओळखीचे नाव हवे होते, म्हणून डॅन डेअरला नव्या रूपात आणून रंगीत पानांवर बसवण्यात आले. मास्सिमो बेलार्डिनेल्ली यांनी काढलेले त्यातले परग्रहवासी आजही थक्क करतात, पण नायकाला नाव सोडून मूळ नायकाशी फारसे नाते उरले नव्हते आणि ‘ईगल’ वाचून मोठ्या झालेल्या वाचकांना ते खटकले. पुढे डेव्ह गिबन्स यांनी सूत्रे हाती घेतल्यावर चित्रे जुन्या वळणाच्या जवळ आली, तरीही १९७९ मध्ये ती मालिका थांबली. दरम्यान दुसऱ्याच अंकात, कोणाच्याही ओळखीचा नसलेला, शिरस्त्राणाआड चेहरा लपवणारा एक न्यायाधीश, जज ड्रेड, आला होता. पहिला अंक उचलावासा वाटावा यासाठी जुन्या नावाचा उपयोग झाला असेल. साप्ताहिक पुढे दशकानुदशके जगले ते त्या नव्या नावावर.

या एका उदाहरणातून दोन्ही तटांना काहीतरी घ्यावे लागेल. जुने नाव आणणे हे पाप नव्हे, ते या साप्ताहिकाच्या जन्मातच आहे. त्याचबरोबर, ज्या कथेपाशी स्वतःचे म्हणून काही नाही तिला केवळ नाव फार काळ तारत नाही. १९८२ मध्ये ‘ईगल’ पुन्हा सुरू झाले तेव्हा मूळ नायकाऐवजी त्याचा खापरपणतू आणावा लागला, आणि तरीही ‘हा आमचा डॅन डेअर नाही’ ही तक्रार संपली नाही. प्रत्येक पिढीचा डॅन डेअर वेगळा आहे, आणि आपण ज्याला ‘खरा’ म्हणतो तो बहुतेक वेळा आपण पहिल्यांदा वाचलेला असतो.

जज ड्रेडला असे परत आणावे लागत नाही, याचेही कारण लक्षात घेण्यासारखे आहे. १९७७ मधली त्याची पहिली कथा २०९९ सालात घडते, आणि तेव्हापासून आपल्या जगात एक वर्ष सरले की त्याच्या जगातही एक वर्ष सरते. तो म्हातारा होत आला, त्याने घेतलेल्या निर्णयांची फळे त्याला पुढे भोगावी लागली, आणि वाचक त्याच्यासोबत वयाने वाढत गेला. इतर पात्रे मात्र एखाद्या अंकाशी थांबली आणि त्यांचे वाचक पुढे निघून गेले. ती पात्रे परत मागताना आपण पुष्कळदा तो अंक वाचतानाचे आपले वय परत मागत असतो. ती इच्छा मला परकी नाही, पण ती पुरी करणे कोणत्याही संपादकाच्या हातात नाही.

ज्या पात्रावरून आपल्यात सर्वांत कडाक्याचे वाद झाले त्या जॉनी अल्फाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. त्याची ‘स्ट्रॉन्शियम डॉग’ ही मालिका मुळात या साप्ताहिकातली नव्हेच. ती मे १९७८ मध्ये ‘स्टारलॉर्ड’ या दुसऱ्या साप्ताहिकात सुरू झाली आणि बावीस अंकांनंतर ते बंद पडल्यावर त्याच्यासोबत इकडे आली. म्हणजे आज ज्याला आपण घरचा मानतो तोही एकेकाळी दुसऱ्या अंकातून आलेला पाहुणा होता. अणुयुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये किरणोत्सर्गामुळे वेगळ्या शरीराने जन्मलेल्या माणसांना इनाम लावलेले गुन्हेगार पकडण्याखेरीज दुसरे काम करू दिले जात नाही. अशा जगातला हा पांढऱ्या डोळ्यांचा शिकारी, ज्याचा स्वतःचा बाप त्या अन्यायी कायद्यांचा पुढारी आहे. जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझ्केरा यांनी तो घडवला आणि पुढे अॅलन ग्रँट यांनी त्याच्या लेखनाचा मोठा भार उचलला. १९८६ मध्ये त्याचा सोबती वुल्फ मारला गेला तेव्हा वाचकांना धक्का बसला होता, आणि १९९० मध्ये स्वतः जॉनी मेला. ज्यांच्या हाताने जॉनीला चेहरा दिला त्या एझ्केरा यांना हा निर्णय मान्य नव्हता. त्यांनी ती कथा काढायला नकार दिला, आणि ती सायमन हॅरिसन व नंतर कॉलिन मॅकनील यांनी काढली.

त्यानंतर जे घडले त्यात पुनरागमनाचे दोन वेगवेगळे मार्ग दिसतात. १९९९ च्या अखेरीस वॅग्नर आणि एझ्केरा जॉनीकडे परतले ते त्याच्या मृत्यूपूर्वीच्या काळातल्या कथा घेऊन. त्यात कोणाचे काही हिरावले गेले नाही, मृत्यू जिथल्या तिथे राहिला आणि आपल्याला आवडता नायक त्याच्या खऱ्या चित्रकाराच्या रेषेत पुन्हा भेटला. या मार्गाची मर्यादाही उघड होती: शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या जिवाला धोका आहे असे वाचकाला कितीदा वाटावे? २०१० मध्ये मग दुसरा मार्ग निवडला गेला. एक पत्रकार स्त्री जॉनीच्या मृत्यूचा खरा वृत्तांत शोधायला निघते, त्याचा जुना साथीदार मिडनफेस तिच्यासोबत असतो, आणि आपण १९९० मध्ये वाचलेला वृत्तांत पूर्णपणे खरा नव्हता असे हळूहळू उलगडत जाते. शोधाच्या शेवटी जॉनी जिवंतांच्या जगात परत येतो.

आपल्यापैकी कितीजणांनी या कथेचे स्वागत केले आणि कितीजण चिडले हे सर्वांना आठवत असेल. मला स्वतःला तिचा पहिला भाग, म्हणजे शोधाचा भाग, अतिशय मोलाचा वाटतो. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या माणसांना काय वाटते, त्याच्या बलिदानाचा राजकारणात कसा वापर झाला, ज्यांच्यासाठी तो मेला त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न १९९० मध्ये विचारताच आले नसते. ते विचारायला मधली वर्षे जावीच लागली. जुन्या पात्राला परत आणण्याचे याहून चांगले कारण मला सुचत नाही. पण त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. ग्रँट, हॅरिसन आणि मॅकनील यांनी मनापासून केलेले काम ‘चुकीची ऐकीव माहिती’ ठरले, आणि त्या कथेतून पुढे आलेला फेरल, ज्याच्यावर काही वाचकांचा जीव होता, तो नव्या मांडणीत भेकड ठरला. ज्यांना ते काम आवडले होते त्यांचा राग मला रास्त वाटतो. मूळ निर्मात्याला आपले पात्र परत घेण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. पण मधल्या काळात ते पात्र ज्यांनी सांभाळले त्यांना खोटे पाडल्याशिवाय परतीची वाट निघत नसेल, तर ती वाट पुन्हा पुन्हा शोधावी आणि अगदी नाइलाज झाला तरच तसे करावे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी एझ्केरा गेले. त्यानंतर जॉनी अल्फा नियमितपणे यावा अशी मागणी ज्यांच्याकडून होते त्यांना मी एवढेच विचारतो की, आपल्याला जॉनी हवा आहे की ती तुटक, ठिपक्याठिपक्यांची बाह्यरेषा हवी आहे, जी आता नव्याने उमटणार नाही?

याउलट ज्या पुनरागमनांवर फारसा गदारोळ झाला नाही त्यांतली दोन मला सर्वांत यशस्वी वाटतात. पहिले बिल सॅव्हेजचे. १९७७ च्या पहिल्या अंकात परकीय सैन्य ब्रिटन काबीज करते आणि कुटुंब गमावलेला हा लंडनचा ट्रकचालक बंदूक घेऊन त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. ती कथा रांगडी, वेगवान आणि बरीचशी सरधोपट होती. २००४ मध्ये पॅट मिल्स यांनी चार्ली अॅडलार्ड यांच्या कृष्णधवल चित्रांसह त्याला परत आणले तेव्हा तोच माणूस, तेच सैन्य, पण नजर मात्र बदललेली होती: ताब्यात गेलेल्या देशात रोजचे जगणे कसे असते, कोण जुळवून घेतो, कोण खबर पुरवतो, प्रतिकार करणारा माणूस हळूहळू कसा बदलत जातो. जुन्या कथेतले काहीही नाकारावे लागले नाही. तिच्या पोटात जे दडले होते ते बाहेर काढले गेले.

दुसरे उदाहरण ‘रोग ट्रूपर’च्या जगाचे. १९८१ मध्ये जेरी फिनली-डे आणि डेव्ह गिबन्स यांनी सुरू केलेल्या या मालिकेचा प्राण म्हणजे आपल्या साथीदारांचा घात करणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा शोध. तो शोध संपला आणि मालिकेचे प्रयोजनही संपले; त्यानंतर नवी मोहीम, नवा नायक, मग दोन्ही नायकांची सांगड घालणारी स्पष्टीकरणे असे अनेक प्रयत्न झाले आणि त्यांतले बहुतेक फसले. २०१४ मध्ये गॉर्डन रेनी आणि सायमन कोल्बी यांनी वेगळाच विचार केला. त्यांनी निळ्या कातडीच्या नायकाला हातच लावला नाही. ते शत्रूच्या बाजूला गेले आणि त्या सैन्यातल्या युद्धगुन्ह्यांचा तपास करणारी अटालिया येगर ही अधिकारी त्यांनी उभी केली. ज्या सैन्याकडे आपण लहानपणी फक्त गोळ्या खाऊन पडणारे गणवेश म्हणून पाहिले, त्याला अचानक घरे, घराणी, पापे आणि लाज मिळाली. नायक परत आला नाही, पण त्याचे जग परत आले आणि आधीपेक्षा मोठे होऊन आले. ‘परत आणा’ असे लिहिताना ही शक्यता आपल्या मनात क्वचितच असते, कारण तिच्यात आपल्या लाडक्या चेहऱ्याला जागा नसते.

तिसऱ्या प्रकारच्या पात्रांबद्दल, म्हणजे ज्यांच्या कथा अर्ध्यावर राहिल्या त्यांच्याबद्दल बोलताना माझेही मन डळमळते. हॅलो जोन्सच्या कथेची तीन पर्वे १९८४ ते १९८६ या काळात आली आणि लेखक अॅलन मूर यांच्या डोक्यात त्यापुढे बरेच काही होते. मालकी हक्कांवरून प्रकाशकांशी बिनसल्यामुळे ते पुढे कधीच लिहिले गेले नाही, आणि चित्रकार इयन गिब्सन डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तले. ती कथा दुसऱ्या कोणीतरी पूर्ण करावी असे सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. एका साध्या, नोकरीच्या शोधात घर सोडलेल्या मुलीचे पुढे काय झाले हे जाणून घ्यायची तहान मलाही आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे: ते करू नये. ती कथा थांबली यामागे निर्मात्याच्या हक्कांचा प्रश्न होता. तो न सोडवता दुसऱ्या हातांकडून शेवट लिहून घेणे म्हणजे ज्या अन्यायामुळे आपण कथेला मुकलो त्यालाच वाचक म्हणून संमती देणे होईल.

‘चार्लीज वॉर’चा अनुभव यासंदर्भात जरूर आठवावा. पॅट मिल्स आणि जो कोल्हून यांची पहिल्या महायुद्धावरची ही मालिका १९७९ पासून ‘बॅटल’ साप्ताहिकात येत होती, आणि युद्धाला विरोध करणारी कथा युद्धकथांच्या साप्ताहिकात छापून येणे हीच मोठी गोष्ट होती. संशोधनासाठी लागणारा खर्च मिळेना म्हणून १९८५ मध्ये मिल्स बाहेर पडले. मालिका दुसऱ्या लेखकाकडे देऊन नायकाला दुसऱ्या महायुद्धात नेण्यात आले. चित्रकार तोच होता आणि नायकही तोच होता, तरीही आज ती मालिका ज्या भागांसाठी वाचली आणि पुनर्मुद्रित केली जाते ते भाग मिल्स यांचेच आहेत. नाव आणि चेहरा कायम ठेवूनही कथा निघून जाऊ शकते, याचा याहून ठळक दाखला ब्रिटिश साप्ताहिकांत मला तरी माहीत नाही.

निर्मात्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवतो. ब्रिटिश साप्ताहिकांत लेखक-चित्रकारांची नावे छापण्याची रीतच नव्हती. ‘२००० एडी’ने पहिल्याच वर्षात, मुख्यतः केविन ओ’नील यांच्या पुढाकाराने, ती नावे छापायला सुरुवात केली. आज आपण कोणत्या पात्राला कोणाच्या हातून पाहू इच्छितो याबद्दल वाद घालू शकतो तो त्या एका बदलामुळे. म्हणून पुनरागमनाची मागणी करताना पात्राच्या नावासोबत त्याच्या निर्मात्यांची नावेही लिहावीत, ते हयात असतील तर त्यांना विचारले जावे आणि त्यांना मोबदला मिळावा असा आग्रहही त्याच मागणीत असावा, असे मला फार वाटते.

आता आपल्या घाईबद्दल. साप्ताहिकातला एक भाग म्हणजे पाच-सहा पाने. तेवढ्यात लेखकाला मागचे स्मरण करून द्यायचे असते, एक प्रसंग घडवायचा असतो आणि पुढच्या आठवड्यासाठी उत्कंठा निर्माण करायची असते. दुसऱ्या भागावरून आपण ‘पात्राचा आत्माच हरवला’ असे लिहून मोकळे होतो. तीच मालिका संग्रहरूपाने एका बैठकीत वाचली की तिची चाल वेगळीच भासते. साप्ताहिक वाचनाची एक खास गंमत होती ती आपण या घाईत हरवत चाललो आहोत. १९८९ मध्ये ‘द डेड मॅन’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव अनोळखी होते, आणि जॉन रिजवे यांनी काढलेला, भाजून विद्रूप झालेला, स्मृती गमावलेला एक माणूस ओसाड प्रदेशात भटकत होता. तो प्रत्यक्षात जज ड्रेड आहे आणि लेखक वॅग्नर आहेत, हे वाचकांना मालिका वाचता वाचताच कळले. २००८ मध्ये जॉन स्मिथ आणि ली कार्टर यांच्या ‘डेड आइज’ या वरकरणी स्वतंत्र कथेच्या अखेरीस ‘इंडिगो प्राइम’ या जुन्या मालिकेतली, अनेक वर्षे न दिसलेली मंडळी अवतरली, आणि ज्यांनी जुने अंक वाचले होते त्यांच्या अंगावर काटा आला. ही दोन्ही पुनरागमने परिणामकारक झाली ती आधी जाहीर न केल्यामुळे. आपण जर प्रत्येक योजना महिनोन्महिने आधी कळावी म्हणून प्रकाशकामागे लागलो, आणि कळताच तिच्यावर तुटून पडलो, तर अशी कथा पुन्हा कोण कशाला बेतेल?

लहान मुलांसाठी काढलेल्या ‘रीजेन्ड’ अंकांवरची आपली प्रतिक्रियाही मला नीट वाटली नाही. २०१८ मध्ये एक स्वतंत्र अंक म्हणून झालेला हा प्रयोग २०२० पासून वर्षातून चार वेळा नियमित अंकाची जागा घेऊ लागला, तेव्हा ‘आमची मालिका मध्येच का तोडली’ अशी तक्रार झाली. तक्रारीत तथ्य होते, कारण चालू कथेच्या मध्ये आठवडाभराचा खंड त्रासदायक असतोच. पण त्या तक्रारीच्या आडून जो सूर निघाला, की मुलांचे काही आमच्या अंकात नकोच, तो फार खेदजनक होता. हे साप्ताहिक १९७७ मध्ये शाळकरी मुलांसाठीच निघाले होते. त्या अंकांत ड्रेडचे विद्यार्थिदशेतले रूप आले, जुन्या पात्रांना नवी वळणे मिळाली, आणि अॅलेक्स दे कॅम्पी व एदुआर्दो ओकान्या यांची ‘फुल टिल्ट बूगी’ ही तिथे उगवलेली कथा पुढे मोठ्यांच्या नियमित अंकातही आली. ज्या मुलाने आज पहिल्यांदा जुने पात्र पाहिले त्याच्यासाठी ते जुने नसते, आणि पुढे वीस वर्षांनी हे पात्र परत आणा असे लिहिणारा वाचक त्याच्यातूनच घडायचा आहे.

अमेरिकेतल्या एका प्रयोगाचाही थोडक्यात उल्लेख करतो. १९८८ मध्ये ‘अॅक्शन कॉमिक्स’ हे मासिक साप्ताहिक करण्यात आले, ६०१ व्या अंकापासून ६४२ व्या अंकापर्यंत त्यात अनेक मागे पडलेल्या पात्रांच्या क्रमशः कथा आल्या, आणि १९८९ मध्ये ते पुन्हा मासिक झाले. मागे पडलेली पात्रे एकत्र केल्याने साप्ताहिक उभे राहत नाही. त्याला दर आठवड्याला वाट पाहायला लावणारी निदान एक कथा लागते.

हे सर्व आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे प्रकाशकाच्या हाती असलेला साठा. २००० मध्ये रेबेलियन या कंपनीने हे साप्ताहिक विकत घेतले, २०१६ मध्ये १९७० नंतरच्या ब्रिटिश साप्ताहिकांचा मोठा संग्रह मिळवला आणि २०१८ मध्ये त्याआधीच्या काळाचाही. आज शेकडो जुनी पात्रे एकाच घराच्या मालकीची आहेत. त्याचा सर्वांत चांगला उपयोग मूळ कथांची उत्तम पुनर्मुद्रणे काढण्यात झाला आहे, आणि त्यासाठी प्रकाशकाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. भयकथा, विनोदी आणि युद्धकथांच्या जुन्या साप्ताहिकांचे स्वतंत्र विशेषांक निघाले, तेही योग्यच झाले, कारण त्यात साप्ताहिकाच्या चार जागांना धक्का लागत नाही. २०१८ मध्ये विसरलेल्या नायकांचा एक संघ बांधून ‘द व्हिजिलंट’ निघाले तेव्हा माझी थोडी निराशा झाली. इतक्या जणांना एकदम आणल्याने कोणाचीच ओळख नीट होईना. चाहत्यांनी स्वतःच्या खर्चाने आणि हौसेने काढलेली ‘झार्जाझ’ आणि ‘डॉगब्रेथ’ ही प्रकाशने मात्र मला नेहमीच आश्वासक वाटत आली आहेत. ज्या पात्रावर मोजक्याच लोकांचे प्रेम आहे त्याच्या नव्या कथा तिथे बहरू शकतात, आणि त्यांतून पुढे आलेल्या काही हातांना साप्ताहिकातही काम मिळाले आहे.

थार्ग या काल्पनिक परग्रहवासी संपादकाच्या नावाने सुरुवातीच्या काळापासून वाचकांची पत्रे छापली जात आहेत. जुन्या काळी पत्रासोबत आवडत्या कथांची नावे लिहून पाठवायची असत आणि त्या कौलावर मालिकांचे आयुष्य ठरत असे. आपले म्हणणे तिथे वाचले जाते, यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ते म्हणणे काळजीपूर्वक लिहिले जावे अशी माझी तळमळ आहे. पुढच्या वेळी एखाद्या पुनरागमनाची बातमी आली तर मालिका पूर्ण होईपर्यंत निकाल देऊ नका. दिल्यावर त्यात चित्रकार आणि लेखक यांच्यावर व्यक्तिगत हल्ला होणार नाही एवढे पाहा. आणि जुन्या पात्रासाठी जितक्या ओळी लिहाल तितक्याच ओळी त्याच वर्षी सुरू झालेल्या एखाद्या नव्या मालिकेसाठीही लिहा, तिचे नाव, तिच्या निर्मात्यांची नावे आणि तिचे पुढचे पर्व का हवे आहे याची कारणे देऊन. संपादकांच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या चार जागांचा विचार चालू असताना ती ओळही त्यांच्या समोर असायला हवी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक